दळणाऱ्या पोलादाची झीज



पाथर्डी तालुक्यांत आदिनाथनगर येथें वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. कोणत्याहि साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपला, कीं चरकाचे लोखंडी रोलर तपासावे लागतात. कारण त्यांचे दांते झिजलेले असतात. याचा दोष उसाबरोबर आलेल्या मातीला देण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा. उसाचा रस अम्लधर्मी असतो. माती धातूवरील पापुद्रा खरवडून काढते आणि उघड्या पडलेल्या लोखंडास रस खातो.

हेंच संगनमत धातुपाषाण दळणाऱ्या गिरण्यांत फार मोठ्या प्रमाणावर चालतें. गोंदियाच्या शेजारीं, मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्ह्यांत, मलाजखंड येथें तांब्याची खाण आहे. (पाथर्डीकरांस परिचित असलेल्या बालाघाटच्या डोंगराशीं या नांवाचा घोटाळा करूं नये.) तेथील दगडांत तांबें शेंकडा १ च्या आसपास, तें मोकळें करावयाचें तर सारा दगड पिठासारखा दळावा लागतो. अशा दळणासाठीं आडव्या पोलादी पिंपांत दगड, पाणी आणि पोलादी गोळे घालून पिंप फिरवितात. गोळे वर चढतात, कोसळतात, दगड फोडतात आणि स्वतःहि झिजतात. अशा गिरण्यांतून टनामागें अर्धा ते एक किलो पोलाद सहज नाहींसें होतें. म्हणजे १० लक्ष टन दगडामागें ५०० ते १,००० टन!

गंधकयुक्त खनिज पोलादाला टेकलें, कीं पाण्यांत दोहोंचा विद्युत्घट तयार होतो. बॅटरींतील जस्ताप्रमाणें पोलाद विरघळतें, आणि पाण्यांत मिसळलेला प्राणवायु त्या क्रियेस चालना देतो. एरवीं गंजाचा थर खालच्या धातूस थोडें तरी संरक्षण देतो. येथें तो टिकतच नाहीं. शिवाय हा गंज खनिजकणांवर बसतो, आणि पुढें फेसाच्या साहाय्यानें तांब्याचे कण वेगळे करतांना अडथळा आणतो.

झिजेंत गंजाचा वाटा किती, याविषयीं धातुशास्त्रज्ञांत जुना वाद आहे; कोणी तो निम्म्याहून अधिक धरतात, कोणी दशांशाहूनहि कमी. हा वाद केवळ पुस्तकी नव्हे. घर्षण मुख्य असेल तर अधिक कठीण पोलाद घ्यावें. गंज मुख्य असेल तर क्रोमियमयुक्त महाग गोळेहि परवडतात, किंवा पाण्यांत चुना घालणें उपयोगी पडतें. नुसता गोळ्यांचा दर पाहून खरेदी करणारा हिशेबनीस येथें हमखास फसतो. परीक्षेची रीत मात्र साधी आहे. निरनिराळ्या धातूंचे गोळे खुणेसाठीं भोंकें पाडून एकाच गिरणींत सोडावयाचे, आणि कांहीं दिवसांनीं वेंचून तोलावयाचे. प्रयोगशाळेंत याहून पुढें जातां येतें. छोट्या गिरणींत एकदां हवा आणि एकदां नत्रवायु भरून तेंच दळण दळावयाचें. प्राणवायूच्या अभावीं गोळ्यांचें जितकें वजन वांचेल, तेवढा वाटा गंजाचा असें धरतात.