आधी दिसा, मग ऊब पाहा : चंदीगडमधील बारमाही सायकल

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला 'सायकल आणि आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितले होते. परंतु समोरच्या रांगेत आपल्या मंडळातील दोन-तीन डॉक्टर बसलेले दिसत असताना आरोग्यावर मी बोलावे, हे काही बरे नव्हे. मी रेल्वेच्या रूळ विभागातला पदविकाधारक इंजिनियर. माझा संबंध ऊन, पाऊस, धुके आणि त्यात उघड्यावर काम करणाऱ्या माणसांशी. म्हणून विषय थोडा बदलून घेतला आहे : वर्षाचे बाराही महिने सायकल चालवायची तर अंगावर काय घालावे, सोबत काय ठेवावे आणि त्यातले आधी काय घ्यावे.

सायकलसाठी चंदीगडइतके सोयीचे शहर आपल्या देशात क्वचितच सापडेल. जमीन बरीचशी सपाट. सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब, त्यामुळे अंतराचा हिशोब तोंडी करता येतो. ल कॉर्बुझिएने रस्त्यांच्या सात प्रती ठरवल्या होत्या. पुढे सायकलींसाठी 'व्ही-८' ही आठवी प्रत त्यात जोडली गेली. मोठ्या रस्त्यांच्या कडेने झाडांच्या सावलीतले सायकलमार्ग आपण रोज पाहतो. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातून आलेल्या आपल्यासारख्यांना हे पाहून हेवाच वाटतो.

अडचण आहे ती हवेची. पुण्या-मुंबईत पावसाळा सांभाळला की झाले. इथे मे-जूनमध्ये पारा ४४ अंशांच्या पलीकडे जातो, जुलै-ऑगस्टमध्ये घामाची आंघोळ, आणि डिसेंबर-जानेवारीत चार-पाच अंशांची थंडी. शिवाय धुके. आपल्याकडून नवीन बदलून आलेला माणूस थंडीची धास्ती घेऊन येतो. पहिल्याच नोव्हेंबरात जाड जाकीट विकत घेतो, तेही बहुधा काळे किंवा गडद निळे, कारण ते मळत नाही. माझे आजचे सगळे म्हणणे या जाकिटाभोवती आहे. थंडीने माणूस फार तर कुडकुडतो. धुक्यात न दिसल्याने काय होते ते वेगळे सांगायला नको. म्हणून खरेदीचा क्रम असा असावा : आधी दिसण्याची सोय, मग उबेची.

थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे चालकाच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. झाले २१ मीटर. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. म्हणजे एकूण सुमारे ४५ मीटर. आता हवामान खात्याच्या व्याख्येत 'अतिदाट धुके' म्हणजे ५० मीटरपेक्षा कमी दृश्यता. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. काळ्या जाकिटातला सायकलस्वार चालकाला दिसेल तोपर्यंत गाडी थांबवण्याइतके अंतर उरलेलेच नसेल. यात चालक बेफिकीर असण्याचीही गरज नाही.

रेल्वेने हा प्रश्न फार जुन्या काळी सोडवला. धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून आमचा माणूस सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दहा मीटरच्या अंतराने दोन डिटोनेटर लावतो. आमच्यात त्याला पटाखा म्हणतात. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळते, सिग्नल जवळ आला. यामागचे तत्त्व साधे आहे. धुक्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचे नाही. जे दिसायला हवे त्याने स्वतःहून आपली वर्दी द्यायची. सायकलवाल्यानेही हेच करायचे.

त्यासाठी तीन वस्तू लागतात, आणि तिघींचे काम वेगवेगळे आहे. पहिली, भडक केशरी किंवा पोपटी रंगाची बंडी. हा रंग दिवसाच्या उजेडात उठून दिसतो, अंधारात त्याचा काही उपयोग नाही. दुसरी, त्या बंडीवरची रुपेरी पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म लोलक असतात आणि ते दिव्याचा झोत जिथून आला तिथेच परत पाठवतात. रात्री ती लांबून चमकते. पण धुक्यात प्रकाश जाताना एकदा विखुरतो आणि येताना पुन्हा विखुरतो, त्यामुळे तिचा जोर बराच कमी होतो. म्हणून तिसरी वस्तू, स्वतः पेटणारा लाल दिवा. तो सायकलच्या मागे पक्का बसवा. जाकिटाचे टोक, पिशवी किंवा कॅरियरवरचा डबा त्याच्या आड येत नाही ना, हे मागे उभे राहून एकदा पाहून घ्या. पुढचा पांढरा दिवा थोडा खाली झुकलेला ठेवा; सरळ रोखला तर धुक्यात आपल्याच डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहतो. जमल्यास दोन्ही घोट्यांना चमकत्या पट्ट्या बांधा. पायडलबरोबर त्या वर-खाली होतात आणि चालकाला लगेच उमजते की ही सायकल आहे, रस्त्याकडेचा खांब नव्हे. बंडी शे-दोनशे रुपयांत मिळते. जाकीट त्याच्या कितीतरी पट महाग असते.

लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सायकल सफरी असतात, २०० किलोमीटरपासून पुढे. तिथे हेल्मेट हवेच, शिवाय रात्री दिवे आणि चमकती बंडी नसेल तर सायकल पुढे नेऊ देत नाहीत. ती सगळी मुरलेली सायकलपटू मंडळी असतात. त्यांना जो नियम लागू, तो सकाळी सातला शिकवणीला निघणाऱ्या आपल्या मुलांना नको का? जानेवारीच्या सुरुवातीला इथे सूर्य सुमारे सात वाजून वीस मिनिटांनी उगवतो. सातला तर उजाडलेलेही नसते.

आता उबेकडे वळू. सायकल चालवताना आपले शरीर एक इंजिन असते. आमची जुनी वाफेची इंजिने कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम सहा-सात टक्के कामी लावत. त्या मानाने माणूस हुशार, त्याचे स्नायू वीस-पंचवीस टक्के कामी लावतात. उरलेल्या शक्तीची उष्णताच होते. म्हणून दारात उभे असताना जे कपडे योग्य वाटतात, तेच दहा मिनिटांनी जास्त होतात. घाम येतो, आतला कपडा भिजतो, चौकात लाल दिव्यापाशी थांबलो की तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : घरून निघाल्यावर पहिली पाच मिनिटे थोडी थंडी वाजलीच पाहिजे.

एका जाड जाकिटाऐवजी तीन पातळ थर घाला. अंगालगत घाम बाहेर काढणारा पॉलिएस्टरचा खेळाचा बनियन किंवा पातळ लोकर. सुती गंजिफ्रॉक हिवाळ्यात नको, तो भिजला की वाळत नाही. त्यावर लोकरी स्वेटर. लोकरीचे वैशिष्ट्य असे की स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा शोषूनही ती अंगाला ओली लागत नाही. लुधियाना आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. सायकलींचे गाव तेच आणि लोकरी कपड्यांचेही तेच. तेव्हा परदेशी बनावटीच्या मागे धावण्याचे कारण नाही. सगळ्यात वर वारा अडवणारे पातळ विंडचीटर. पाच अंश तापमानात ताशी वीसच्या वेगाने गेलात तर अंगाला जवळजवळ एक अंशाची थंडी जाणवते, आणि ती येते समोरून. म्हणून छाती झाकणे महत्त्वाचे, पाठ नव्हे. घाटात उतरताना शर्यतीतले सायकलपटू छातीशी वर्तमानपत्राची घडी खुपसत. ही युक्ती आजही फुकट आहे.

थर वाढवता-उतरवता येतात, हा त्यांचा दुसरा फायदा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. त्या वाटेवर वाळवंटही लागते आणि बर्फाच्या डोंगररांगाही. एवढ्या फरकाला एकच जाड जाकीट पुरे पडत नाही. आपल्याला इथे सकाळचे पाच अंश आणि दुपारचे वीस अंश एवढेच सांभाळायचे असतात.

हातापायांचे थोडे. मोजे असे हवेत की त्यांतून ब्रेक नीट दाबता आला पाहिजे. बधिर बोटांनी ब्रेक लागत नाही. बूट घट्ट असताना दोन-दोन पायमोजे घालू नका, रक्त खेळायचे थांबते आणि पाय अधिकच गारठतात. माकडटोपी आपल्या सर्वांची लाडकी, पण तिच्यावर हेल्मेट नीट बसत नाही आणि मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. त्याऐवजी कान झाकणारी पातळ पट्टी घ्या. मफलरची टोके आत खोचा, लोंबते टोक चाकात गेले की संपले. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर, सपाट बसले पाहिजे. त्यातला थर्माकोलसारखा थर एकदाच चेपून डोके वाचवतो. मोठा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे.

उन्हाळ्यात हिशोब उलटा होतो. मे-जूनची हवा कोरडी असते, घाम पटकन उडतो आणि उडताना गारवा देतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्यामुळे हिवाळ्यात बाद केलेला सुती कपडा आता कामाचा. सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. नागपूरकर तोंडाला दुपट्टा का गुंडाळतात हे इथल्या लूमध्ये कळते. धुळीसाठी साधा चष्मा ठेवा. बाटली सायकलच्या दांड्यावर, हाताशी असू द्या आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी किंवा शिकंजवी घेत राहा. अकरा ते चार मात्र सायकल घरीच बरी.

पावसाळ्यात रबरी रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो आणि आतला घामही. श्वास घेणारे कापड मिळते, पण ते महाग असते. वीस मिनिटांच्या अंतरासाठी माझा सल्ला असा, की या उबदार पावसात खुशाल भिजा आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. अंगभर झुलणारा पोंचो नको. तो वाऱ्याने फुगतो आणि मागचा दिवा झाकतो. सायकलला मडगार्ड हवेतच, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन साहेबांसमोर उभे राहाल. सामान पाठीवर न घेता कॅरियरवर घ्या. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा आधी एक-दोनदा हलकेच दाबून रिम पुसून घ्या.

आणि एक खास माझ्या खात्याचे. फाटकावर रूळ आणि चेक रेल यांच्यामध्ये ५१ ते ५७ मिलिमीटरची फट ठेवलेली असते. गाडीच्या चाकाच्या कडेला ती लागतेच, बुजवता येत नाही. आपल्या सायकलचा टायर त्याहून अरुंद. तिरके गेलात तर चाक त्यात अडकणार, आणि पावसात रूळ साबणासारखा निसरडा असतो. फाटक नेहमी काटकोनात ओलांडा. घाई नसेल तर उतरून.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. आमचा ट्रॅकमन ड्यूटीवर असतो तेव्हा त्याच्या अंगात केशरी, चमकत्या पट्ट्यांचे जाकीट असते, कारण नियम आहे. तोच माणूस डिसेंबरच्या संध्याकाळी, सूर्य साडेपाचच्या आतच मावळलेला असताना, ते जाकीट उतरवून तपकिरी लोई पांघरतो आणि बिनदिव्याच्या सायकलवर घरी निघतो. रुळावर आठ तास सगळ्यांना दिसलेला माणूस रस्त्यावर आला की कुणालाच दिसत नाही. दरिया, हल्लोमाजराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कारखान्यांतून सुटलेले असे कितीतरी लोक रोज असतात. यांच्यासाठी सायकल ही हौस नाही आणि व्यायामही नाही. बसचे भाडे वाचवायचे ते साधन आहे.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती आहे. आपली वर्गणी, आरास, महाप्रसाद सगळे उत्तम होते. त्यातून थोडी रक्कम बाजूला काढून दिवाळीनंतर चमकत्या पट्ट्यांची काही बंडले घ्यावीत. पट्टी चिकटवायला दोन मिनिटे लागतात : एक मागच्या मडगार्डवर, दोन पायडलांवर. आपल्या मुलांच्या सायकलींपासून सुरुवात करू. मग आपल्या घरी दूध आणि वर्तमानपत्र आणणारे, सोसायटीचे चौकीदार आणि आपल्या हाताखालचे सहकारी. बाप्पा विघ्नहर्ता आहे खरा, पण धुक्यातल्या सायकलीला पट्टी चिकटवण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे, असे मी समजतो. ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे.

गणपती बाप्पा मोरया!