युद्धकाळातल्या बोटी आणि नाशवंत माल
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी शीतकरणाचा डिप्लोमा केलेला साधा सरकारी नोकर. लसींच्या शीतगृहाची देखभाल करतो. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत आमचा जीव टांगणीला असतो. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने समुद्रावरून अन्न कसे आणले ते वाचताना माझे लक्ष तोफांपेक्षा बोटींतल्या थंड खणांकडे गेले. बाप्पासमोर मांसाचा विषय निघणार, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

इंग्लंडला मांस येई ते अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून. जर्मन पाणबुड्या बोटी बुडवू लागल्या. गहू कुठल्याही बोटीत भरता येतो, पण शीतयंत्राची बोट गेली की तिच्या जागी दुसरी सहज मिळत नसे. खरा तुटवडा थंड जागेचा होता.

शांततेच्या काळात अर्जेंटिनाचे बरेच गोमांस न गोठवता, नुसते गार ठेवून आकड्यांना टांगून आणत. भोवती हवा खेळायला हवी, म्हणजे जागा वाया. शिवाय ते काही आठवडेच टिके, आणि ताफा जमेपर्यंत बंदरात खोळंबा ठरलेला. म्हणून मांस कडक गोठवून थप्प्या लावू लागले. हाडे तिकडेच काढली. मेंढीचे धड मधून कापून एक भाग दुसऱ्यात सरकवत, आपण डबे एकात एक ठेवतो तसे. अंड्यात तर तीन चतुर्थांश पाणीच! ते अटलांटिकपार न्यायचे कशाला? अमेरिकेहून भुकटी येऊ लागली. एका डब्यात बारा अंडी, आणि थंडावा नकोच. चवीबद्दल कुरकुर झाली, ते सोडा. बोटी वाढवता येईनात तेव्हा माल लहान केला, हे मला फार आवडले.

केळ्याला मात्र उपाय नव्हता. ते साधारण १३ अंशांवर न्यावे लागते. फार गार झाले की काळे पडते. नोव्हेंबर १९४० मध्ये केळ्यांची आयातच बंद झाली. त्यानंतरची पहिली बोट जमैकाहून ॲव्हनमाउथला लागली ती ३० डिसेंबर १९४५ रोजी. पाच वर्षांच्या पोरांनी केळे पाहिलेच नव्हते.

मांसाच्या बोटी वेगवान, म्हणून धोक्याच्या कामगिरीवरही त्या जात. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाकडे निघालेल्या १४ व्यापारी जहाजांपैकी ५ पोचली. त्यांत 'मेलबर्न स्टार' आणि 'ब्रिस्बेन स्टार' या एरवी मांस वाहणाऱ्या बोटी होत्या.

ब्रिटिश व्यापारी बोटींवर हजारो हिंदी खलाशी होते. स्वयंपाक-वाढपाला गोव्याचे, डेकवर, यंत्रघरात रत्नागिरीकडचेही. यंत्रघर पाण्याच्या पातळीखाली. पाणतीर बसला तर वर यायला वेळ किती मिळणार? माझ्या शीतगृहात बिघाड झाला तर फार तर रात्री घरून बोलावणे येते.

कोणाच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे खलाशी असतानाचे कागद असतील, तर आरतीनंतर मला जरूर भेटा.