कोळशाची साक्ष

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. लाकूड एकदा जळून कोळसा झाले, की त्याचे कूळ विचारण्यात अर्थ नाही, असाच व्यवहारातील समज असतो. शेगडीतील तुकडा बाभळीचा की आणखी कशाचा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ब्राझील देशात विस्तीर्ण अरण्याचे भवितव्य अवलंबून आहे; आणि ते उत्तर कोळशाच्याच मुखातून वदवून घेण्याचा मार्ग शास्त्रज्ञांनी शोधून काढला आहे.

ब्राझीलमध्ये लोखंडाचे खनिज विपुल आहे. पण झोतभट्टीस लागणारा चांगल्या प्रतीचा दगडी कोळसा तेथे फारसा सापडत नाही. त्यामुळे मिनास जेराइस प्रांतातील कित्येक भट्ट्या लोणारी कोळशावर चालतात. हा कोळसा दोन ठिकाणांहून येतो. पहिले ठिकाण म्हणजे निलगिरीची लागवड. मूळच्या ऑस्ट्रेलियातील या झाडाच्या मोठ्या लागवडीचा उद्योग एदमुंदो नवारो द आंद्रादे या कृषितज्ज्ञाने १९०४ साली एका रेल्वे कंपनीसाठी आरंभिला. निलगिरी सहा-सात वर्षांत तोडणीस येते आणि बुंध्यापासून पुन्हा फुटते. दुसरे ठिकाण म्हणजे ‘सेर्रादो’ नावाचा माळरान व वन यांचा संमिश्र प्रदेश. तेथील झाडे खुजी, वाकडीतिकडी व जाड सालीची. परंतु त्यांची मुळे भूमीत फार खोल गेलेली असतात. असे रान एकदा तोडले, की ते सहा-सात वर्षांत पूर्ववत उभे राहत नाही.

रानातील लाकूड व कोळसा यांच्या वाहतुकीसाठी तेथील सरकारने २००६ साली उगमाच्या दाखल्याची पद्धत सुरू केली. पण दाखला हा अखेर कागदच! चोरट्या तोडीचा कोळसा ‘लागवडीचा’ म्हणून पुढे केला, तर नाक्यावरील अधिकाऱ्याने तो कशावरून ओळखावा? सूक्ष्मदर्शक यंत्राखाली कोळशातही लाकडाच्या सूक्ष्म नलिकांची रचना शाबूत दिसते, व तीवरून निष्णात माणूस झाडाची जात ताडू शकतो. तथापि असे निष्णात लोक थोडे, आणि भुकटी झालेल्या कोळशात ती रचनाही मोडून गेलेली असते. येथेच अदृश्य प्रकाश साहाय्यास येतो.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले व निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा वर चढला. हेच अवरक्त किरण होत. सतारीवर एक स्वर छेडला, की त्याच स्वरात मिळवलेली तरफेची तार स्पर्शावाचून झंकारते. इतर तारा स्तब्ध राहतात. पदार्थाच्या रेणूंचेही असेच आहे. रेणूतील अणूंचे बंध सतत कंप पावत असतात, आणि प्रत्येक बंध आपल्या कंपनाशी जुळणारेच अवरक्त किरण शोषून घेतो. कोणते किरण शोषले गेले व कोणते परतले, याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट.

लाकूड मुख्यत्वे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन या तीन द्रव्यांचे बनलेले असते. त्यांत राळ, रंगद्रव्ये इत्यादींची भर पडते. या सर्वांचे प्रमाण जातीजातींत भिन्न असते. देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांचे लिग्निन वेगळे व रुंद पानांच्या वृक्षांचे वेगळे. त्यामुळे प्रत्येक जातीच्या वर्णपटास स्वतःची ठेवण येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी महोगनी व तिच्यासारखी दिसणारी तीन लाकडे याच उपायाने वेगळी करून दाखविली.

कोळशाची गोष्ट अधिक बिकट आहे. भट्टीच्या आचेत प्रथम हेमिसेल्युलोजचा नाश होतो, मागोमाग सेल्युलोजचा. लिग्निन मात्र सावकाश झिजते व त्याचे अवशेष मागे राहतात. या अवशेषांतच झाडाची खूण दडलेली असते. ब्राझील व फ्रान्स येथील संशोधकांनी निलगिरीचा व रानटी झाडांचा कोळसा या किरणांनी तपासला, तेव्हा दोहोंत भेद करता येतो असे आढळले. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले.

या साक्षीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. आच जसजशी वाढते, तसतसे सर्वच कोळसे शुद्ध कार्बनाकडे झुकतात व त्यांच्यातील भेद पुसट होत जातो. शिवाय वर्णपट स्वतः काही बोलत नाही. ज्यांची जात निःसंशय ठाऊक आहे अशा नमुन्यांच्या वर्णपटांशी गणकयंत्राने त्याची तुलना करावी लागते. संग्रहात ज्या झाडाचा नमुना नाही, त्याची ओळख पटणार कशी? गाडीत दोन प्रकारचा माल मिसळलेला असेल, तर एकाच तुकड्याच्या तपासणीवर विसंबणे घातक ठरेल. आणि झाड कोणत्या जातीचे हे कळले, तरी ते कोणत्या भूमीत वाढले हे सांगणे त्याहून कठीण आहे. कारण माती व पर्जन्य यांनी पडणारा फरक फार सूक्ष्म असतो.

म्हणूनच या यंत्राचा निर्णय हा अखेरचा निवाडा नव्हे. संशयित गाडी कोणती व निर्दोष कोणती, याची त्वरित निवड करणे हे त्याचे खरे कार्य. ज्या शेतकऱ्याने निलगिरी लावून, सहा-सात वर्षे वाट पाहून प्रामाणिकपणे कोळसा पाडला, त्याच्या मालाशी चोरट्या तोडीचा स्वस्त कोळसा एकाच बाजारात स्पर्धा करतो. अशा वेळी कागदाची साक्ष अपुरी पडते. तेथे कोळसा स्वतःच्या उगमाविषयी बोलू लागला, तर सेर्रादोतील उभ्या झाडाला जसे संरक्षण मिळेल, तसाच सरळमार्गी माणसालाही न्याय मिळेल. उगाळून कोळसा काळाच राहील, हे खरे. पण काळा म्हणून सगळा कोळसा सारखा, असे मात्र यापुढे म्हणता येणार नाही.