चौकोनी ठोकळ्यांचा गोल घुमट

माझ्या भाच्यानें सुटींत संगणकावर विजापूरचा गोल घुमट बांधावयास घेतला. 'माइनक्राफ्ट' नांवाच्या त्या खेळांत सारें बांधकाम मीटरभर बाजूच्या चौकोनी ठोकळ्यांचें. भिंती उठल्या, मिनार उठले; गोलाईपाशीं गाडें अडलें.

महंमद आदिलशहाच्या या कबरीच्या गवंड्यांपुढेंही हाच पेंच होता : सुमारें ४१ मीटरांच्या चौरस दालनावर वर्तुळ बसवावयाचें कसें? त्यांनीं एकमेकींस छेदणाऱ्या आठ कमानी उभारून चौरसाचा अष्टकोन केला, आणि आंत झुकणाऱ्या त्या बांधणीच्या वजनानें घुमटाचा बाहेरचा रेटा तोलून धरला. १६५६ पासून तो उभा आहे.

भाच्यानें कमानी वगळल्या. त्या खेळांत वाळू-खडीसारखे थोडे प्रकार सोडल्यास ठोकळे अधांतरींच राहतात, घुमटही राहिला! मला मात्र तो पाहवेना.

"कमानी घाल," मी म्हणालों.

"पण मामा, पडत तर नाहीं!"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. दिवाळींत त्याला विजापुरास नेलें. दालनांत मान वर करून तो बराच वेळ कमानी मोजीत राहिला. परतल्यावर आपला घुमट त्यानें स्वतःच पाडला. सध्यां तिसऱ्या कमानीशीं झगडत आहे.