फिर्याद कोणाकडे न्यावी?

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या वार्षिक सभेंत तेथील मराठी शाळेच्या शिक्षकांनीं केलेलें भाषण)



मी कोणी विद्वान् नव्हें. ट्रेनिंग कॉलेजांत शिकून मुलांना बाराखडी आणि बेरीज-वजाबाकी शिकविणारा एक मास्तर आहें. परंतु इतकीं वर्षें खेड्यांत काढल्यामुळें मला एक दुसरा धंदा आपोआप चिकटला आहे. तो म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देण्याचा. नळाला पाणी येत नाहीं, लिहा अर्ज. दाखला मिळत नाहीं, लिहा अर्ज. आजवर किती अर्ज लिहिले याची गणती नाहीं. पण किती अर्जांचें काम झालें, हें मात्र बोटांवर मोजून सांगतां येईल.

मागें मी दुसऱ्या एका गांवीं नोकरीस होतों. तेथें एक विधवा आजी एकटी राही. तिच्या दारापुढचें गटार फुटलें होतें आणि घाण पाणी उंबरा ओलांडून चुलीपर्यंत येई. मीं अर्ज लिहिला. ज्या कचेरीचें गटार, त्याच कचेरींत तो दिला. कांहीं झालें नाहीं. मग वरच्या कचेरीला अर्ज धाडला. वरच्या कचेरीनें "योग्य त्या कार्यवाहीसाठीं" असा शेरा मारून तो पुन्हां खालच्याच कचेरीकडे उतरविला. शेवटीं उत्तर आलें, "पाहणी केली, तक्रारींत तथ्य नाहीं." पाहणीला आलें होतें कोण? ज्याच्या देखरेखीखालीं तें गटार बांधलें गेलें, तोच इसम! आजी मला म्हणाली, "गुर्जी, मेंढरं किती ऱ्हायली, हे लांडग्यालाच इचारायचं व्हय?"

त्या माउलीला लिहितां-वाचतां येत नव्हतें. पण कारभाराच्या शास्त्रांतला सर्वांत मोठा प्रश्न तिनें एका वाक्यांत विचारला. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्यानेंच ती ऐकावी, त्यानेंच चौकशी करावी आणि त्यानेंच निकाल द्यावा, या रीतीला कांहीं तोड आहे कीं नाहीं? आहे. तीच आज मला आपणांपुढें ठेवावयाची आहे.

इ. स. १८०९ मध्यें स्वीडन देशानें आपल्या राज्यघटनेंत एक नवा अंमलदार निर्माण केला. सरकारी नोकर कायद्याप्रमाणें वागतात कीं नाहीं, हें त्यानें पाहावयाचें. त्याला त्यांच्या भाषेंत "ऑम्बुड्समन" म्हणतात. या शब्दाचा अर्थ आपल्या बोलींत सांगावयाचा तर "मुखत्यार". दुसऱ्याच्या वतीनें उभा राहणारा तो मुखत्यार. पुढें दीडशें वर्षांनीं ही कल्पना जगभर पसरली. डेन्मार्कांत १९५५ सालीं असा अंमलदार कामाला लागला, न्यूझीलंडांत १९६२ सालीं नेमला गेला आणि १९६७ सालीं ब्रिटनच्या पार्लमेंटनें मध्यवर्ती सरकारच्या खात्यांसाठीं तसाच कायदा केला.

पण गरिबाचा संबंध मध्यवर्ती सरकारशीं किती येतो? त्याचा संबंध येतो तो गांवच्या कचऱ्याशीं, रस्त्याशीं, शाळेशीं. हें ओळखून १९७४ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यानें इंग्लंडांत कौन्सिलांच्या कारभारासाठीं निराळा ऑम्बुड्समन नेमण्यांत आला. म्हाताऱ्या व अपंग लोकांच्या शुश्रूषेच्या तक्रारीही त्याच्याकडे येतात, म्हणून २०१७ पासून त्याच्या नांवांत "सामाजिक शुश्रूषा" हे शब्द घातले आहेत.

येथें एक मौज सांगतों. आरंभीं लोकांना त्याच्याकडे सरळ जातां येत नसे. तक्रार कौन्सिलच्या एखाद्या सभासदाच्या हातून पाठवावी, असा नियम होता. म्हणजे ज्या घराविरुद्ध फिर्याद, त्याच घराच्या दारांतून वाट! हें शहाणपणाचें नाहीं हें उमजावयास चौदा वर्षें लागलीं. १९८८ च्या कायद्यानें ती अट गेली आणि वाटेल त्या रहिवाशाला सरळ दाद मागतां येऊं लागली. तेव्हां आपल्या आजीचा प्रश्न तिकडेही पडला होता, हें ध्यानांत घ्यावें.

आतां हें काम चालतें कसें, तें पाहूं.

पहिली गोष्ट, तक्रार आधीं कौन्सिलकडेच करावी लागते. चूक सुधारण्याची संधी चुकणाऱ्याला द्यावी, हा न्याय आहे. परंतु ही संधी म्हणजे कायमची मोकळीक नव्हे. साधारण बारा आठवड्यांत कौन्सिलनें शेवटचें उत्तर दिलें नाहीं, तर रहिवासी ऑम्बुड्समनकडे जाऊं शकतो. २०२४ सालीं ऑम्बुड्समननें कौन्सिलांसाठीं एक नियमावली काढली. तींत पहिल्या पायरीचें उत्तर दहा कामाच्या दिवसांत आणि दुसऱ्या पायरीचें वीस कामाच्या दिवसांत द्यावें, असें सांगितलें आहे. दुसरी गोष्ट, घटना कळल्यापासून बारा महिन्यांच्या आंत तक्रार आली पाहिजे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो. तिसरी गोष्ट, एक पैसा फी नाहीं आणि वकील लागत नाहीं.

तक्रार आल्यावर तो अंमलदार मुख्यतः दोनच प्रश्न विचारतो. कौन्सिलच्या हातून कसूर झाली काय? आणि त्या कसुरीमुळें या माणसाचें नुकसान झालें काय? कसूर म्हणजे उशीर, हयगय, पक्षपात, स्वतःचाच नियम मोडणें, खोटी अगर अपुरी माहिती देणें, पत्राला उत्तर न देणें. हें तपासण्यासाठीं कागदपत्र मागविण्याचा आणि साक्षीदार बोलाविण्याचा हायकोर्टासारखा अधिकार त्याला कायद्यानें दिला आहे. "दप्तर सांपडत नाहीं" असें म्हणून त्याला सहजासहजीं वाटेला लावतां येत नाहीं. निकालाचा मसुदा तो दोन्ही पक्षांना दाखवितो, त्यांचें म्हणणें ऐकतो आणि मग निकाल कायम करतो. २०१३ पासून हे निकाल सर्वांना वाचावयास खुले केले आहेत. त्यांत कौन्सिलचें नांव असतें. तक्रार करणाऱ्या गरिबाचें नांव नसतें.

मी मास्तर असल्यामुळें उदाहरण शाळेचें देतों. १९९६ च्या शिक्षणविषयक कायद्याप्रमाणें, एखादें मूल आजारामुळें किंवा शाळेनें काढून टाकल्यामुळें शाळेंत जाऊं शकत नसेल, तर त्याच्या शिक्षणाची दुसरी सोय करणें हें इंग्लंडांत कौन्सिलचें कर्तव्य आहे. आतां समजा, एका मुलाचीं दोन सत्रें घरीं बसून गेलीं. आई पत्रें लिहिते, कौन्सिल म्हणते, "विचार चालू आहे." ऑम्बुड्समन कौन्सिलचें दप्तर मागवितो आणि तारखा एकाखालीं एक मांडतो. आई कधीं बोलली, कौन्सिलला कधीं कळलें, त्यानंतर काय केलें? तारखांनींच कौन्सिलची कसूर ठरते. मग तो सांगतो : आईची माफी मागा, मुलाच्या शिक्षणाची सोय करा, बुडालेल्या शिक्षणाबद्दल रक्कम द्या, आणि पुन्हां असें होऊं नये म्हणून आपली रीत सुधारा. बुडालेल्या शिक्षणाबद्दल दर सत्राला ९०० ते २४०० पौंड असा अंदाज त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेंत दिलेला आहे. बंधूंनो, मुलाचें एक सत्र बुडालें तर त्याचेंही मोल धरलें जातें, ही गोष्ट मला मास्तर म्हणून फार मोठी वाटते.

आतां त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहींतर मीं विलायतेचा ढोल बडविला असें होईल. कौन्सिलनें रीतसर विचार करून घेतलेला निर्णय केवळ आपणांला आवडला नाहीं, म्हणून तो फिरवीत नाहीं. निर्णय घेण्याची रीत चुकली काय, एवढेंच तो पाहतो. जेथें कोर्टाची अगर अपिलाची वाट मोकळी आहे, तेथें तो सहसा पडत नाहीं. साऱ्या गांवावर सारखाच परिणाम करणारी गोष्ट, उदाहरणार्थ सर्वांवरील कर वाढविणें, त्याच्या कक्षेंत येत नाहीं. ज्याचें स्वतःचें नुकसान झालें, त्याचीच फिर्याद तो घेतो. आणि नवल म्हणजे इंग्लंडांतील अगदीं तळची ग्रामसंस्था, जिला पॅरिश कौन्सिल म्हणतात, ती त्याच्या कक्षेच्या बाहेरच ठेवली आहे. म्हणजे खेडेगांव तेथेंही शेवटच्याच रांगेंत!

आणखी एक प्रश्न आपल्यापैकीं कोणीही विचारील : कौन्सिलनें ऐकलें नाहीं तर? त्याचा निकाल कोर्टाच्या हुकुमाप्रमाणें बजावतां येत नाहीं. ती शिफारस आहे. तरीही बहुतेक सर्व शिफारशी कौन्सिलें पाळतात. कां पाळतात? कारण न पाळणाऱ्याची लाज चव्हाट्यावर येते. गंभीर प्रकरणांत तो जाहीर अहवाल काढतो. तो अहवाल कौन्सिलच्या सभेपुढें ठेवावा लागतो, त्याची जाहिरात वर्तमानपत्रांत द्यावी लागते, आणि तीन आठवडे तो लोकांना पाहावयास ठेवावा लागतो. इतक्यावरही कौन्सिल अडून बसली, तर आपण शिफारस कां पाळली नाहीं, याचें निवेदन तिला स्वतःच्या खर्चानें वर्तमानपत्रांत दोन वेळां छापावयास तो लावूं शकतो. त्याच्या हातांत छडी नाहीं, पण दिवा आहे. अंधारांत ज्याचें काम चालतें, त्याला छडीपेक्षां दिव्याचें भय अधिक, हें आपण आपल्या गांवांतही पाहतोंच.

पण दिवा धरणारा हात कोणाचा मिंधा नसावा. म्हणून त्याची नेमणूक कौन्सिल करीत नाहीं, ती राजाच्या नांवानें होते. त्याची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची असते आणि ती वाढवून मिळत नाहीं; त्यामुळें पुन्हां नेमणूक व्हावी म्हणून कोणाची मर्जी राखण्याचें कारण उरत नाहीं. त्याच्या कचेरीचा खर्चही कौन्सिलच्या तिजोरींतून येत नाहीं. ज्याचें मीठ खावें त्याच्याविरुद्ध बोलणें कठीण. म्हणून मीठच दुसरीकडून यावें, अशी ही योजना आहे.

आपल्याकडे असें कांहींच नाहीं, असें म्हणणें खोटें होईल. महाराष्ट्रानें १९७१ सालीं लोकायुक्ताचा कायदा केला, आणि १९७२ सालीं ती कचेरी प्रत्यक्ष सुरू करणारें हें देशांतलें पहिलें राज्य ठरलें. केरळांत २००० सालापासून केवळ पंचायती व नगरपालिका यांच्यासाठीं निराळा ऑम्बुड्समन आहे. आपल्याकडे २०१५ सालीं लोकसेवा हक्काचा कायदाही झाला. अधिसूचित केलेली सेवा मुदतींत मिळाली नाहीं, तर पहिलें व दुसरें अपील त्या खात्याच्याच वरिष्ठांकडे करावयाचें आणि तिसरें आयोगाकडे. म्हणजे तिसऱ्या पायरीवर कां होईना, खात्याच्या बाहेरचा माणूस आहे. पण खेड्यांतला माणूस त्या पायरीपर्यंत पोंचतो काय? पहिल्याच पायरीवर "उद्यां या" ऐकून तो घरीं परततो. कायदा पुस्तकांत असतो आणि आपण दारांत असतों. मध्यें कागद असतो.

त्या कागदाविषयींच शेवटचें बोलतों, आणि यांत माझा स्वतःचा अपराध कबूल करतों. त्या आजीचे अर्ज मीं लिहिले. पण एकाचीही नक्कल ठेवली नाहीं, एकाचीही पोंच घेतली नाहीं. पुढें एक भला अधिकारी भेटला. तो म्हणाला, "मास्तर, पहिला अर्ज कधीं दिला तें दाखवा, मी पाहतों." माझ्यापाशीं दाखवावयास कांहीं नव्हतें. आजी पुढच्या पावसाळ्यांत वारली. त्या दिवशींही तिच्या घरांत पाणी होतें. गटार दुसऱ्याचें फुटलें होतें हें खरें. पण तिची फिर्याद निकामी झाली ती माझ्या निष्काळजीपणामुळें. मुलांना पाटीवर तारीख घालावयास शिकविणारा मी, अर्जावर तारीख घालावयास विसरलों!

म्हणून या वाचनालयास माझी एक विनंती आहे. आठवड्यांतून एक संध्याकाळ येथें अर्ज लिहिण्यासाठीं ठेवावी. अर्ज कोणाचाही असो, कोणत्याही आळीचा असो. एका अर्जांत एकच तक्रार लिहावी. काय झालें, कधीं झालें, आणि आपणांस काय हवें, हें सरळ सांगावें. शिव्या देऊं नयेत, पाया पडूं नये. दोन प्रती कराव्या, एकीवर पोंच घ्यावी, ती येथील कपाटांत जपावी आणि वहींत तारखेनिशीं नोंद करावी. उत्तराची मुदत संपतांच पुढच्या पायरीचा अर्ज त्याच संध्याकाळीं लिहावा. वर्षाच्या शेवटीं ती वही ग्रामसभेंत उभें राहून वाचून दाखवावी : इतके अर्ज गेले, इतक्यांना उत्तर आलें, इतके अजून वाट पाहत आहेत. बाहेरचा मुखत्यार आपणांला मिळेल तेव्हां मिळो. तोंवर हा लहानसा दिवा तरी आपण लावूं या. उद्यां तो मुखत्यार आला, तर तोही प्रथम हेंच विचारणार : तारीख कोणती?

नव्या वहीसाठीं मी स्वतःचे पैसे देतों. पहिली संध्याकाळ येत्या शनिवारीं. ज्यांच्या दारापुढें गटार फुटलें असेल, त्यांनीं यावें. मी दौत-लेखणी घेऊन बसतों.