मतें, जागा आणि सीमारेषा

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे कोणत्या पक्षास किती जागा मिळाल्या एवढेंच आपण पाहतों. त्या जागांमागें मतें किती होतीं, हा दुसरा आंकडा सहसा कोणी विचारीत नाहीं. हे दोन आंकडे शेजारीं मांडले असतां काय दिसतें, तें अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया राज्याच्या उदाहरणावरून आज पाहूं.

वॉशिंग्टन येथील प्रतिनिधिगृहांत २०१२ सालीं या राज्याच्या १८ जागा होत्या, व प्रत्येक जागेस एक मतदारसंघ होता. त्या वर्षीं साऱ्या राज्यांत मिळून डेमोक्रॅटिक पक्षास सुमारें २७ लक्ष ९० हजार मतें पडलीं. रिपब्लिकन पक्षास सुमारें २७ लक्ष १० हजार. जागा मात्र पहिल्यास ५ आणि दुसऱ्यास १३! २०१४ व २०१६ सालींहि ही वांटणी तशीच राहिली.

मतमोजणींत लबाडी झाली होती असें नव्हे. मर्म होतें तें मतदारसंघांच्या सीमांत. अमेरिकेंत दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते व तीनंतर सीमा नव्यानें आंखतात. पुष्कळ राज्यांत हें काम कायदेमंडळच करतें. पेनसिल्व्हानियांत २०११ सालीं कायदेमंडळाचीं दोन्ही गृहें आणि गव्हर्नराचें पद हीं रिपब्लिकन पक्षाच्या हातीं होतीं.

केवळ रेषेनें निकाल कसा फिरतो? समजा, प्रत्येकीं १०० मतदारांचे तीन मतदारसंघ आहेत. एका पक्षाचे एकंदर १६० मतदार, दुसऱ्याचे १४०. आतां पहिल्या पक्षाचे ९० मतदार एकाच मतदारसंघांत कोंडले, कीं उरलेल्या दोहोंत त्याचे पस्तीस-पस्तीसच राहतात. एके ठिकाणीं त्याचा प्रचंड विजय होतो, दोन ठिकाणीं पराभव. आणि बहुमत असूनहि तो अल्पसंख्य ठरतो.

ही युक्ति जुनीच आहे. १८१२ सालीं मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनीं अशाच सीमांच्या कायद्यावर सही केली. त्यांच्या पक्षास विरोधकांहून कमी मतें पडूनहि राज्याच्या सिनेटांतील ४० पैकीं २९ जागा मिळाल्या. एका मतदारसंघाची आकृति सॅलॅमँडर नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याप्रमाणें दिसे. त्यावरून 'गेरीमँडर' हा शब्द रूढ झाला.

तथापि सारा दोष कारस्थानावर ढकलणें न्याय्य होणार नाहीं. डेमोक्रॅटिक मतदार फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग या शहरांत दाटीनें राहतात. निर्मळ मनानें रेषा काढल्या तरी त्यांचीं मतें थोडक्या ठिकाणीं सांचणारच. जें आपोआप सांचतें तें हेतुपुरस्सर किती सांचवावें, एवढाच प्रश्न आहे.

जानेवारी २०१८ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो नकाशा रद्द केला. निवडणुका मुक्त व समान असाव्यात, या राज्यघटनेंतील वचनाचा आधार न्यायालयानें घेतला, व पुढच्याच महिन्यांत नवा नकाशा दिला. नोव्हेंबरांत दोन्ही पक्षांस नऊ-नऊ जागा मिळाल्या. त्या वेळीं डेमोक्रॅटिक मतें निम्म्याहून बरींच अधिक होतीं. म्हणजे मतांच्या प्रमाणांत जागा तेव्हांहि मिळाल्या नाहींत. परंतु न्याय्य सीमांची कसोटी वेगळी आहे. २०२० च्या खानेसुमारीनंतर राज्याच्या जागा १७ झाल्या. त्यांपैकीं २०२२ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें ९ जिंकल्या. त्याच सीमांत २०२४ सालीं रिपब्लिकन पक्षानें १० जिंकल्या. लोकमत हाललें तशा जागा हालल्या. तीन निवडणुकांत जें एकदांहि घडलें नव्हतें, तें येथें घडलें.

जून २०१९ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं असा निर्णय दिला कीं, पक्षहितासाठीं आंखलेल्या सीमांचा निवाडा संघराज्याच्या न्यायालयांनीं करूं नये. तेव्हां ही राखण आतां ज्या त्या राज्याच्या घटनेवर, न्यायालयावर आणि नागरिकांवर येऊन पडली आहे.

मतदार प्रतिनिधि निवडतो, ही लोकशाहीची साधी व्याख्या. प्रतिनिधीच आपले मतदार निवडूं लागला, तर मतपेटी शाबूत राहूनहि मत निष्फळ होतें. यापुढें कोठलाहि निकाल वाचतांना जागांबरोबर मतेंहि पाहावींत, आणि त्या सीमा कोणीं आंखल्या, हें अवश्य विचारावें.