वस्तूवर उजेडाचे चित्र

डोळ्यांपुढच्या खऱ्या वस्तूवर यंत्राने रचलेले चित्र असे बसवावयाचे की दोन्ही एकच भासावीत, या विद्येला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेत दाखविलेले तिचे आद्य यंत्र डोक्यावर चढवावे लागे, आणि ते छताला जोडलेले असे. पाहणारा अर्थातच एकटा!

ही अडचण उलट्या बाजूने सोडविणाऱ्यांत नाशिकचे रमेश रासकर अग्रणी होत. चित्र डोळ्यांपुढे न धरता थेट वस्तूवरच पाडावे, ही त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची युक्ती. २००१ साली अमेरिकेत त्यांनी ताजमहालाची कोरी पांढरी प्रतिकृती घेतली, तिची मापे गणकयंत्रास दिली, आणि प्रक्षेपकांच्या उजेडाने तिच्यावर रंग व ऊन-सावली उमटविली. एका प्रक्षेपकाचा उजेड अडे तेथे दुसऱ्याचा पोहोचवावयाचा. दोहोंचा एकत्र येई तेथे तो बेताने मंद करावयाचा. खरी मेख या जुळणीतच आहे.

आता वळसंगसारख्या गावातील एखादा वर्ग कल्पनेने पाहा. चाळीस मुलांना चाळीस चष्मे कोण देणार? परंतु प्लास्टरचे पांढरे हृदय मेजावर ठेवून रक्ताचा प्रवाह त्यावर उजेडाने दाखविला, तर सारा वर्ग भोवती उभा राहून एकदम पाहील, एकमेकांस बोटाने दाखवील. अशा शाळांना हाच मार्ग परवडेल, असे मला वाटते. मात्र खोलीत काळोख हवा. आणि एखाद्या द्वाड मुलाने ते हृदय बोटभर सरकविले, की रक्त मेजावरून वाहू लागेल!